तात्पुरती अपात्र

"ताई, वाईच माझ्या बी बाटलीत घाला की," ती बाई म्हणाली, आणि साखर मागायला आलेल्या शेजारणीनं वाटी पुढं करावी तशी तिनं हातातली रिकामी बाटली पुढं केली. संघप्रिया जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या संडासाच्या दारात उभी होती. तिच्या हातातही तसलीच बाटली होती. बाटलीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर बॉलपेननं घातलेला नंबर. बाहेर व्हरांड्यात नर्सच्या जागेवर निवड झालेल्या बाकीच्या बायका बाकावर बसल्या होत्या. आज सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होती. छातीचा फोटो झाला होता, वजन-उंची झाली होती, भिंतीवरची अक्षरं एकेक डोळा झाकून वाचून झाली होती. राहिली होती ती लघवी. तिच्यात साखर बघतात हे सगळ्या एकमेकींना सांगत होत्या. आणखी एक गोष्ट बघतात, ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. "होत नसेल तर पाणी प्या थोडं," संघप्रिया सवयीनं म्हणाली. खाजगी प्रसूतिगृहात इतकी वर्षं ती हेच वाक्य म्हणत आली होती. "व्हायला काय हुतंय," ती बाई म्हणाली, "मला चौथा लागलाय." आणि बुरख्याच्या आत तिनं पोटावर हात ठेवला, कुणी बघेल म्हणून लगेच काढलाही.

नियम दोघींनाही पाठ होता. बारा आठवड्यांच्या वर दिवस असले की बाई तात्पुरती अपात्र. बाळंत व्हायचं, त्यानंतर दीड महिन्यानं परत येऊन तपासून घ्यायचं, तोवर जागा राहिली तर राहिली. आणि जागा राहत नसते. तपासणीपासून महिन्याच्या आत हजर झालं नाही तर हुकूम रद्द आणि प्रतीक्षा यादीतली पुढची बाई टपून बसलेली. लघवी टाकतात त्या कार्डावर दोन रेघा उठल्या तरच मोठ्या डॉक्टरीणबाई आत टेबलावर घेऊन पोट चाचपतात, नाहीतर नुसता शिक्का मारून सोडतात, एवढी माहितीही त्या बाईनं काढली होती. "मी हाफिजा. हाफिजा नदाफ. शिवाजी पेठेत राहतो आमी," ती भराभरा सांगत होती. "मालक गाद्या भरत्यात. आता कोण गादी पिंजून घेतंय, सगळी ते फोमचं आणत्यात. घरात एक पोरगी हाय, मुस्कान, आन हे दुसरं. ह्या नोकरीबिगर आमच्याकडं काय न्हाय बगा." मग ती थांबली, आणि शहाण्या माणसानं विचारावं ते तिनं विचारलं, "तुमी न्हाईसा न्हवं तसल्या?"

संघप्रियाला हसू आलं. खरंखुरं, पोटातून. "मी? माझी नका काळजी करू," ती म्हणाली, "मला मूल होत नाही. अकरा वर्षं झाली लग्नाला." हे वाक्य तिनं अकरा वर्षांत कितीजणांना सांगितलं असेल, डॉक्टरांना, जत्रेत भेटलेल्या लांबच्या चुलत सासवांना, एसटीत शेजारी बसून आधी गाव आणि मग पोरं विचारणाऱ्या बायकांना. दरवेळी ते सांगताना ती मान खाली घालायची. आज घातली नाही. "अल्लाचं लाख उपकार," हाफिजा म्हणून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली. संघप्रियाला राग आला नाही. उलट काहीतरी विचित्र, सुखासारखं वाटलं. जे तिच्यात नाही म्हणून सगळ्या जगानं तिला बाजूला सारलं, तेच आज कुणीतरी हात पसरून मागत होतं. तिनं दुसरी बाटली घेतली आणि आत गेली. कडी लावताना तिला वाटलं, आपलं वांझपण आपण उसनं देतोय. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या उपयोगाला येतंय. तिनं दोन्ही बाटल्या सारख्या भरल्या, बाहेरून पुसल्या आणि हाफिजाची हाफिजाच्या हातात दिली.

मग व्हरांड्यात बसून राहणं. बाकाच्या कडेला तिची फाइल होती, तिच्यात सगळे दाखले नाडीनं बांधलेले. उन्हाळाभर ती त्या दाखल्यांच्या मागं फिरली होती. गारगोटीला शाळेत जाऊन सोडल्याचा दाखला, तहसीलदाराकडं जातीचा, दोन प्रतिष्ठित माणसांकडून वर्तणुकीचा. प्रतिष्ठित कोण, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. तिचे आबा मास्तर होते, ते असते तर तिनं त्यांनाच मागितला असता, पण बापाचा चालत नाही. शेवटी पोलीस आला सिद्धार्थनगरात, चौकशीला. दारात मोटारसायकल उभी राहिली तशी गल्ली गोळा झाली. त्यानं तिच्या सासूला, बयाबाईला, जिला ती आत्ती म्हणायची, विचारलं, "सून कशी हाय?" संघप्रिया आत भांडी घासत होती, तिनं हात थांबवले. आत्ती म्हणाली, "चाल चांगलीच हाय वो. कूस तेवढी न्हाई." पोलीस खाली मान घालून लिहीत होता. त्यानं पहिलं वाक्य लिहून घेतलं, दुसऱ्याला त्याच्या कागदावर रकाना नव्हता. त्याला चहा दिला, तो निघून गेला आणि संघप्रियाचं चारित्र्य सरकारदरबारी स्वच्छ झालं. आत्ती वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, तिचा मनापासून तिरस्कार तरी करता आला असता. ती रोज संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायची आणि दर गुरुवारी कुठल्या तरी देवऋष्याकडनं पदराखालून अंगारा आणायची. "खा गुमान," म्हणायची, "बाबासायबास्नी न्हाई सांगत मी." एकदा अंगारा खाताना दोघी हसल्याही होत्या.

आत्तीच्या तोंडी गारगोटीकडची एक पोरगी यायला लागली, त्याला वर्ष होत आलं. आधी ती नुसती नात्यातली होती, मग ती गरिबाची झाली, मग ती रंगानं उजळ आणि अंगानं भरलेली झाली. संघप्रियाचा नवरा भाऊसो ऐकून घ्यायचा आणि उठून तालमीकडं जायचा. तो उद्यमनगरात फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डर होता. घरी आला की त्याच्या कानात, नखांत काळी माती असायची. तो कधी हात उगारायचा नाही, आणि कधी तिच्या बाजूनं बोलायचाही नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाला नोकरीचा हुकूम आला. चंदगडचं सरकारी रुग्णालय, राहायला खोली. हुकूम आला आणि घरातला ताण एकदम उतरला. सगळ्यांचीच सोय झाली होती. संघप्रिया चंदगडला राहणार, पगार करणार, सणासुदीला येणार, आणि इकडं ती पोरगी गुपचूप घरात येणार. आत्तीनं लोणच्याची मोठी बरणी काढून ठेवली, तिला न्यायला. त्याच दिवसांत भाऊसो तिच्याजवळ यायला लागला. रोज, माफी मागितल्यासारखा. एकदा तो रडलाही, तिच्या मानेपाशी तोंड खुपसून. "म्या काय करू सांग की," म्हणाला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. त्याला ठाऊक नव्हतं की ती सणासुदीलाही परत येणार नाही. ते तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

चंदगडची खोली तिनं बघून ठेवली होती. कौलारू, बुटकी, भिंतीला ओल, मागं काजूचं झाड. तिथली म्हातारी आया म्हणाली होती, "पावसाळ्यात चार म्हयनं कापडं वाळत न्हाईत बगा सिस्टर, चुलीवर शेकायला लागत्यात." संघप्रियाला ते ऐकून आनंद झाला होता. ओले कपडे, आपले एकटीचे, दोन लुगडी आणि दोन पांढरे ड्रेस, आणि बाहेर दिवसच्या दिवस पाऊस, कुणी येत नाही, कुणी विचारत नाही. तिची मनात भांडी लावून झाली होती. एकटीचा भात किती टाकायचा हे तिला येत नव्हतं, ते शिकावं लागणार होतं. प्रसूतिगृहात एकदा एका म्हातारीनं तिच्या हातातून नातू घेतला नव्हता. "दुसऱ्या सिस्टरास्नी पाठवा," म्हणाली होती, आणि पोराची आई तोंड फिरवून निजली होती. त्या दिवशी मूल दुसरीच्या हातात देताना संघप्रियाला आपल्या हातांची लाज वाटली होती, जणू त्यांना काही लागलंय. चंदगडला कुणाला काही ठाऊक असणार नव्हतं. रानातनं चालत आलेल्या बाळंतिणी, त्यांना हात लागले की पुरे. ती बाकावर बसून हे सगळं पुन्हा एकदा मनात मांडत होती. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या दारात आकाराम येऊन उभा राहिला.

आकाराम तिथला शिपाई, त्यांच्याच गल्लीतला, जयंतीच्या मंडळात भाऊसोबरोबर असायचा. त्याला आवाज चांगला होता आणि तो वापरायची हौस होती. तो एकेक नाव घेऊन निकाल सांगायला लागला, शाळेत हजेरी घ्यावी तसा. साखर नाही. साखर नाही. शिक्का घ्यायला जावा. मग तो म्हणाला, "नदाफ हाफिजा." हाफिजा उठली. आकारामनं कागदावर पाहिलं, मग तिच्याकडं, आणि त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या माणसाचं हसू आलं. "पॉझिटिव्ह हाय. मोठ्या बाईंच्याकडं जावा, तपासून घेत्यात." हाफिजा जागेवरच वळली आणि तिनं संघप्रियाकडं पाहिलं.

त्या व्हरांड्यात तेवढ्या वेळापुरतं एकाच बाईला कळू शकत होतं की काय झालंय. बाकीच्यांना वाटलं, नदाफबाईला दिवस गेलेत. हाफिजाला वाटलं, बाटल्या बदलल्या, नाहीतर हिनं फसवलं. संघप्रियाच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की कार्ड खराब असेल; जुनी कार्डं असतात, तारीख गेलेली, असं होतं. मग तिचं अंग तिच्या आधी हिशेबाला लागलं. उन्हाळाभर सकाळी जिभेवर येणारी ती चव, जिला तिनं तहसीलच्या दारातल्या उपाशी रांगांवर ढकललं होतं. फोडणीचा वास नको वाटणं. छातीला ड्रेसचं कापड टोचणं. दुसऱ्या कुठल्या बाईनं एवढं सांगितलं असतं तर तिनं वर न बघता कितवा चाललाय ते सांगितलं असतं. पण स्वतःचं पाहणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी पाळी चुकली होती, दोन-अडीच महिने. आत्तीनं गल्लीत साखर वाटली होती, आबा गारगोटीहून खारका घेऊन आले होते, भाऊसोनं पाळण्याच्या कड्या आणल्या होत्या फौंड्रीत ओतून. मग एका दुपारी चादर भिजली, आणि तपासल्यावर कळलं की आत काही नव्हतंच, कधीच नव्हतं. घरातलं कुणी तिला बोललं नाही. फक्त त्या कड्या कितीतरी दिवस खिळ्याला लटकत होत्या. त्यानंतर पाळी आली काय, चुकली काय, तिनं तारीख लक्षात ठेवली नाही. आशा नावाची वस्तू तिनं घरातून बाहेर काढली होती, आणि तिच्याबरोबर भीतीही गेली होती. त्याच जोरावर तर तिनं बाटली भरून दिली. "कांबळे संघप्रिया," आकाराम म्हणाला. आणि मग निकाल वाचायचं विसरून तो ओरडलाच, "अरं तिच्यायला! वैनी!"

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं. हात गार होते. त्यांनी ओटीपोटावर बोटं रुतवली, डोळे छताकडं लावून काहीतरी मोजलं. "चौदा आठवडे धर," त्या म्हणाल्या. "कांबळे, तू स्वतः नर्स ना गं? तुला कळलं नाही?" संघप्रियानं उठून लुगडं सारखं केलं. तिला वाटलं होतं आपण रडू, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मॅडम, अकरा लिहा की."

"काय?"

"अकरा आठवडे लिहा. चंदगडला हजर झाले की मी बघते पुढचं. आणि त्या नदाफबाईंचंही..."

बाई चांगल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं वेडे, अकरा वर्षांनी दिवस गेलेत तुला. किती बायका माझ्या दारात पदर पसरतात. आणि तू नोकरीचं काय घेऊन बसलीस? बाळंत हो, मग ये, यादी असली तर आहेच. मी खोटं लिहिणार नाही. आणि तुझ्या भल्याचंच सांगते, आता चंदगडच्या त्या चढ-उतारावर जाऊ पण नकोस." त्यांनी लिहिलं. अक्षर सुरेख होतं. तात्पुरती अपात्र. संघप्रियाला ओरडून सांगायचं होतं की बाई, मला हे नको होतं असं नाही, मला हे फार हवं होतं, इतकं हवं होतं की त्यातच मी मेले, आणि मेल्यावर कशीबशी उठून बसले, आणि आता तुम्ही म्हणता परत निज. पण असं बोललेलं कुणाला कळतं? ती म्हणाली, "बरं मॅडम."

हाफिजा बाहेर थांबली होती. तिचीही तपासणी झाली होती, तिच्याही हातात तसाच कागद होता. ती भांडेल म्हणून संघप्रिया भिंतीकडं सरकली. हाफिजा भांडली नाही. तिचा आवाज खाली होता, आणि तो फार वाईट लागला. "कुणाची बी घेतली आस्ती तर सुटलो आस्तो मी. ती बाकावरची काळी पोरगी, ती म्हातारी, कुणाची बी. तुमचीच कशी घेतली?"

"मला माहीत नव्हतं," संघप्रिया म्हणाली.

"नर्स हायसा न्हवं तुमी?"

"खरंच माहीत नव्हतं हो. आबांची शपथ."

हाफिजानं तिच्याकडं पाहिलं. तिला विश्वास ठेवायचा होता असं वाटलं, पण जमलं नाही. कुणालाच जमलं नसतं. "र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "अकरा वर्सांनी हाय, जपा." आणि बुरखा नाकावर ओढून जिना उतरून गेली. जाताना मात्र ती पोटावरचा हात काढत नव्हती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

संघप्रिया दवाखान्याच्या फाटकाशी आली तर भाऊसो उभा. आकारामनं पीसीओवरून फौंड्रीत फोन लावला होता, फौंड्रीतून गल्लीत, गल्लीतून आत्तीला. सगळ्यांना कळून झालं होतं. भाऊसो कामावरून तसाच आला होता, पापण्यांवर काळी माती, एम-एटी गाडीच्या हँडलला पेढ्यांची पिशवी. त्याला हसावं की काय करावं ते समजत नव्हतं. त्यानं एक पेढा काढून तिच्या तोंडाशी धरला, लोकांच्या देखत, आणि त्याच्या बोटांना फौंड्रीचा वास होता, आणि तिच्या पोटात ढवळून आलं. तिनं पेढा गिळला.

"आई लई रडली," तो म्हणाला. "म्हनली, जपून आन. आन गारगोटीला सांगावा धाडला बग, नको म्हनून. तो इषय संपला." त्यानं हे इतक्या आनंदानं सांगितलं की तिला त्याची दया आली. तो तिला काहीतरी परत देत होता, त्याच्या समजुतीप्रमाणं सगळंच परत देत होता.

"आणि चंदगड?" तिनं विचारलं.

"आता कशाला गं चंदगड?" भाऊसो म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता. "काय कमी हाय हितं?"

ती मागं बसली. फाइल मांडीवर ठेवायला गेली, तर त्यानं ती काढून घेतली आणि पेढ्यांच्या पिशवीत खुपसली, म्हणाला, "पोटावर नको काय." गाडी निघाली. दसरा चौकात पोलिसानं हात केला नसतानाही भाऊसो थांबला, डावी-उजवी पाहिली. मागून सायकलवाले पुढं जात होते, टांगा पुढं गेला, कॉलेजच्या पोरी पुढं गेल्या. तो मधूनच मान वळवून विचारत होता, "दुखत न्हाई न्हवं? बसलीयास न्हवं नीट?" ती हूं म्हणत होती. पावसाळ्यापूर्वी पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवला होता आणि जागोजाग खड्डे होते. भाऊसो एकेक खड्डा चुकवत होता. अकरा वर्षांत तिनं त्याला इतक्या प्रेमानं काही करताना पाहिलं नव्हतं. घरी दारात भाकरतुकडा घेऊन आत्ती उभी असेल. गल्ली जमलेली असेल. त्या सगळ्यांच्या तोंडावर खराखुरा आनंद असेल आणि त्यातला एकही माणूस खोटा नसेल, हे तिला दिसत होतं. मग तिच्या लक्षात आलं की भाऊसोच्या खांद्यावरून आपण पुढं बघतोय, रस्त्यावर, आणि आपण खड्डे शोधतोय. लहान नव्हे, मोठे. तिला स्वतःची भीती वाटली. तिनं सीटची कडा घट्ट धरली, आणि मग हळूच सोडून दिली. वळणावर, नळाच्या अलीकडं, कडा तुटलेला एक खोल खड्डा लांबूनच दिसत होता. तिनं डोळे मिटले आणि अंग सैल केलं. भाऊसोनं तोही चुकवला.